तिकीट कोणाच्या मालकीचे? ओटीआरएस ते झामाड: एका मुक्तस्रोत प्रणालीची दोनदा झालेली उभारणी

#धागा #संगणकाचा_इतिहास

(१)
आपण एखाद्या बँकेला किंवा कंपनीला तक्रारीचा ईमेल पाठवतो आणि काही क्षणांत उत्तर येते: आपली तक्रार नोंदवली आहे, क्रमांक अमुक. त्या क्रमांकामागे तीन दशकांचा इतिहास उभा आहे. त्यात एक मुक्तस्रोत प्रणाली आहे, तिच्या बळावर शेअर बाजारापर्यंत पोहोचलेली कंपनी आहे, ती कंपनी सोडून तेच काम पायापासून पुन्हा बांधणारा तिचा जनक आहे. आणि 'सर्वांसाठी खुले' म्हणून केलेले काम अखेर कोणाचे, हा प्रश्न आहे.

(२)
प्रथम शब्दाविषयी. या क्षेत्रात तक्रारीला 'तिकीट' म्हणतात. हा शब्द संगणकाहून जुना आहे. अमेरिकेतील टेलिफोन कंपन्यांत बिघाडाची नोंद कागदी चिठ्ठीवर होई, आणि ती चिठ्ठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरे. आपल्याकडे १९८ फिरवून बंद फोनची तक्रार केल्यावर मिळणारा 'डॉकेट नंबर' ज्यांना आठवतो, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. लाइनमन बदलला, पाळी बदलली, तरी क्रमांक तोच राही.

(३)
हीच गरज इंटरनेटच्या आरंभकाळी जाळे सांभाळणाऱ्यांना भासली. जानेवारी १९९२ मध्ये मेरिट नेटवर्कच्या डेल जॉन्सन यांनी 'आरएफसी १२९७' हा दस्तऐवज लिहिला. बिघाड नोंदवणाऱ्या प्रणालीकडून काय काय हवे, याची ती तपशीलवार यादी होती. त्यात तिकिटाची तुलना रुग्णालयात खाटेपाशी अडकवलेल्या तक्त्याशी केलेली आहे. डॉक्टर येतात-जातात, परिचारिकांच्या पाळ्या बदलतात. परंतु रुग्णाची हकीकत तक्त्यावर राहते. तिकीट म्हणजे संस्थेची स्मृती, ही दृष्टी तेथे स्पष्टपणे मांडलेली दिसते.

(४)
त्याच सुमारास विद्यापीठांच्या संगणक विभागांत वेगळीच तारांबळ चालू होती. 'मदत हवी' असे ईमेल एकाच सामाईक पत्त्यावर येत आणि चार-पाच जण ते वाचत. एकाच तक्रारीला दोघे उत्तर देत. दुसरीला प्रत्येक जण 'कोणीतरी पाहील' म्हणून सोडून देई. या कामाला पैसा नव्हता, व्यापारी प्रणाली महाग होत्या. म्हणून प्रशासकांनी स्वतःच हत्यारे घडवायला घेतली. मदतकक्षाच्या मुक्तस्रोत प्रणालींचा उगम अशा गरजेच्या पोटी आहे.

(५)
१९९४ मध्ये प्रणाली-प्रशासकांच्या 'लिसा' परिषदेत रेमी एव्हार्ड यांनी नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील 'रेक' या प्रणालीवर निबंध सादर केला. कामांची सतत वाढणारी यादी आवरायची कशी, हा त्याचा विषय. रेकचा भर ईमेलवर होता: आलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली पुढचा सारा पत्रव्यवहार. तक्रार करणाऱ्याला नवे काही शिकावे लागत नसे. तो नेहमीसारखे पत्र लिही, हिशेब पलीकडे राखला जाई.

(६)
या प्रकारच्या प्रणालींचे मर्म एका साध्या युक्तीत आहे. उत्तर पाठवताना प्रणाली पत्राच्या विषयओळीत चौकटी कंसात तिकीट क्रमांक घालते. ग्राहकाने त्याच पत्राला उत्तर दिले की क्रमांक आपोआप परत येतो, प्रणाली तो वाचते आणि नवे पत्र जुन्या धारिकेत लावते. क्रमांक नसेल तर नवी धारिका उघडते. कारकुनाच्या 'आवक-जावक' वहीत जे काम हाताने होई, ते येथे विषयओळीतले काही अंक करतात.

(७)
रेकच्या परंपरेतूनच पुढे 'रिक्वेस्ट ट्रॅकर', म्हणजे आरटी, ही प्रणाली आली. तिचे कर्ते जेसी व्हिन्सेंट तेव्हा अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विद्यार्थी होते आणि तेथल्या मदतकक्षात काम करत होते. १९९६ मध्ये आरटीला आकार आला. पुढे व्हिन्सेंट यांनी पर्ल भाषेच्या विकासाचे नेतृत्व केले, तसेच अँड्रॉइडवरील के-९ मेल हे ईमेल ॲपही सुरू केले. परंतु त्यांची ओळख प्रथम झाली ती या तिकिटांमुळे.

(८)
आरटीचा इतिहासही पुनर्बांधणीचा आहे. पहिली प्रणाली एका विद्यापीठापुरती होती; वापरणारे वाढले तसे तिचे अपुरेपण उघडे पडले आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी ती नव्याने लिहावी लागली. २००१ मध्ये व्हिन्सेंट यांनी 'बेस्ट प्रॅक्टिकल' ही कंपनी स्थापन केली. तिचे गणित सरळ होते: प्रणाली विनामूल्य आणि खुली, बसवून देणे, शिकवणे, हवे तसे बदल करणे याचे पैसे. पर्लच्या 'सीपॅन' या भांडारातील मॉड्यूलांच्या त्रुटींची नोंदही वर्षानुवर्षे आरटीवरच होत आली.

(९)
त्याच २००१ साली जर्मनीत मार्टिन एडेनहोफर यांनी 'ओपन तिकीट रिक्वेस्ट सिस्टिम', म्हणजे ओटीआरएस, हा प्रकल्प आरंभला. हीसुद्धा पर्लमध्येच लिहिलेली. ईमेल म्हणजे अखेर मजकूर, आणि मजकुराची चिरफाड करण्यात पर्लचा हात धरणारी भाषा त्या काळी क्वचितच होती. शिवाय ईमेल उलगडणे, डेटाबेसशी बोलणे अशा कामांसाठी सीपॅनमध्ये तयार मॉड्यूले होती. एकट्या माणसाने सुरू केलेला प्रकल्प उभा राहू शकला, त्यात या सामाईक भांडाराचा वाटा मोठा होता.

(१०)
ओटीआरएसची रचना पाहण्यासारखी आहे. आलेले पत्र एखाद्या 'रांगेत' जाते: लेखा, तांत्रिक, विक्री. तिकिटातील प्रत्येक पत्र वा टिपण म्हणजे एक 'आर्टिकल'. एखाद्याने काम हाती घेतले की तिकिटाला 'कुलूप' लागते, म्हणजे दुसरा त्याच कामात हात घालत नाही. तिकिटाच्या अवस्था ठरलेल्या: नवे, उघडे, स्मरणासाठी प्रलंबित, यशस्वीपणे बंद. आणि आणखी एक: अयशस्वीपणे बंद. काम संपले, पण प्रश्न सुटला नाही, हे लिहून ठेवण्याची ही सोय होती. अपयशाला स्वतंत्र रकाना देणारी नोंदवही विरळाच.

(११)
तिकीट क्रमांकाचीही एक रीत सांगतो. ओटीआरएसच्या एका पद्धतीत क्रमांक असा बनतो: आधी वर्ष, महिना, दिवस, मग त्या प्रणालीचा क्रमांक, मग त्या दिवसाचा अनुक्रम, आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. तो आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो. फोनवर क्रमांक सांगताना एखादा अंक चुकला, तर शेवटच्या अंकाशी मेळ बसत नाही आणि चूक उघडकीस येते. दुसऱ्याची तक्रार भलत्याच्या धारिकेत जाऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी आहे.

(१२)
प्रकल्प वाढला. २००३ मध्ये त्याच्या मूळ चमूने ओटीआरएस नावाचीच कंपनी काढली. २००७ मध्ये तिचे रूपांतर भागभांडवली कंपनीत झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये ती फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात नोंदली गेली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकल्पाचे नाव आणि कंपनीचे नाव एकच. आणि मूळ संहितेच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर प्रताधिकार त्या कंपनीच्या नावे. जोवर सारे सुरळीत चालते, तोवर अशा ओळी कोणी वाचत नाही.

(१३)
ओटीआरएसचे एक गिऱ्हाईक आपल्या ओळखीचे आहे: विकिपीडियामागील विकिमीडिया प्रतिष्ठान. वाचकांची पत्रे, चरित्रलेखांवरील तक्रारी, छायाचित्रांच्या वापराची परवानगी हे सारे तेथील स्वयंसेवक ओटीआरएसवर हाताळत. इतके, की त्या स्वयंसेवकांनाच 'ओटीआरएस सदस्य' म्हणण्याचा प्रघात पडला. मराठी विकिपीडियासाठी दुसऱ्या कोणाचे छायाचित्र परवानगी घेऊन कॉमन्सवर चढवणाऱ्यांना ही वाट ठाऊक असेल. छायाचित्रकाराने ईमेलने संमती कळवायची. ती तपासली गेली की चित्राच्या पानावर तिकिटाचा क्रमांक लागतो. पत्र खाजगी राहते, क्रमांक मात्र सार्वजनिक पुरावा होतो.

(१४)
दहा वर्षांत प्रणाली प्रौढ झाली, तशी जडही झाली. तिची मूळ घडण 'पान मागा, पान मिळेल' या काळातली. प्रत्येक कृतीनंतर पान नव्याने उघडायचे. दरम्यान वेब बदलले होते. पान न बदलता त्यातला मजकूर ताजा होत राहावा, ही लोकांची सवय बनली होती. २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीने ओटीआरएसला नवा चेहरा दिला. परंतु हजारो कार्यालयांनी आपापल्या सोयीने केलेले फेरफार जुन्या सांगाड्यावर बसलेले होते. सांगाडा हलवला की सगळ्यांचे फेरफार कोसळणार. यशस्वी प्रणालीची हीच मोठी बेडी असते.

(१५)
त्यानंतर लवकरच एडेनहोफर आपणच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि २०१२ पासून एका नव्या प्रणालीवर काम सुरू झाले. तिचे नाव झामाड.

पुन्हा पायापासून लिहिणे हा संगणकाच्या जगात धाडसी, किंबहुना बदनाम निर्णय मानला जातो. २००० साली जोएल स्पोल्स्की यांनी नेटस्केपचे उदाहरण देऊन याविरुद्ध कडक इशारा दिला होता. नेटस्केपने आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर एकदम सहावी आली, मध्ये सुमारे तीन वर्षे गेली आणि बाजार हातचा निसटला.

(१६)
स्पोल्स्की यांचा मुद्दा खोल आहे. जुन्या संहितेत जो गुंता दिसतो, तो पुष्कळदा कोणत्या तरी खऱ्या अडचणीवरचा उतारा असतो. एखाद्या विचित्र ईमेलमुळे कधी प्रणाली अडली होती, म्हणून तेथे दोन ओळी वाढल्या. नवे लिहिताना त्या ओळी गळतात आणि तीच ठेच पुन्हा लागते. जुने घर पाडताना कोणती भिंत भार पेलते हे ज्याला ठाऊक, त्यानेच नवे बांधावे. एडेनहोफर यांची बाजू या बाबतीत भक्कम होती. जुने घर त्यांनीच बांधलेले होते.

(१७)
नवे काय केले? पर्लऐवजी रूबी भाषा आणि 'रेल्स' ही चौकट. ब्राउझरमध्ये पान पुन्हापुन्हा उघडण्याऐवजी एकच सलग चालणारे ॲप. सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी, त्यामुळे दुसऱ्या सहकाऱ्याने तेच तिकीट उघडले असेल तर ते त्याच क्षणी दिसते. शोधासाठी 'इलॅस्टिकसर्च', जेणेकरून जोडपत्रांतला मजकूरही सापडावा. कुलूप लावून सहकाऱ्याला अडवण्याऐवजी 'तोही येथेच आहे' हे दाखवणे, असा हा दृष्टीतला बदल होता.

(१८)
आणि जुने काय राखले? हे अधिक बोलके आहे. तिकिटातील प्रत्येक पत्राला झामाडमध्येही 'आर्टिकल'च म्हणतात. 'स्मरणासाठी प्रलंबित', 'विलीन' या अवस्था तशाच आहेत. रांगांचे गट झाले, पण कल्पना तीच. 'अयशस्वीपणे बंद' मात्र मूळ संचात राहिले नाही. तेथे केवळ 'बंद' आहे. भाषा बदलली, यंत्रणा बदलली, तरी मदतकक्षाच्या कामाविषयी दहा वर्षांत कमावलेली समज शब्दांच्या रूपाने नव्या घरात आली.

(१९)
पुनर्बांधणीचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे स्थलांतर. कोणतेही कार्यालय दहा वर्षांची तिकिटे मागे टाकून नव्या प्रणालीत येत नाही; कारण तिकीट म्हणजे स्मृती, हे आपण १९९२ च्या दस्तऐवजातच पाहिले. म्हणून झामाडमध्ये ओटीआरएसमधील वापरकर्ते, रांगा, तिकिटे आणि पत्रे आयात करण्याची सोय ठेवली गेली. नव्या प्रणालीची खरी कसोटी तिच्या देखणेपणात नसते. जुना ग्राहक उद्या विचारील तेव्हा त्याचे पाच वर्षांपूर्वीचे पत्र सापडते का, यात असते.

(२०)
२०१६ मध्ये झामाड सर्वांसाठी खुले झाले. त्याचा परवाना 'एजीपीएल'ची तिसरी आवृत्ती. या परवान्याची खोच अशी की, कोणी प्रणालीत बदल करून ती आपल्या सर्व्हरवर लोकांना वापरायला दिली, तर ते बदलही त्या वापरणाऱ्यांना खुले करावे लागतात.

याहून महत्त्वाची एक ओळ फाइलींच्या माथ्यावर आहे. तेथे प्रताधिकार २०१२ पासून 'झामाड फाउंडेशन' या प्रतिष्ठानाच्या नावे आहे. व्यवसाय करणारी झामाड कंपनी वेगळी. संहितेची मालकी वेगळी. ही विभागणी किती अर्थपूर्ण होती, हे चारच वर्षांत दिसले.

(२१)
ओटीआरएसची सातवी आवृत्ती आली ती पैसे मोजणाऱ्या ग्राहकांसाठी. खुली 'कम्युनिटी एडिशन' सहाव्या आवृत्तीवरच थांबली. आणि डिसेंबर २०२० मध्ये, नाताळच्या तोंडावर, तिचाही आधार संपल्याचे कंपनीने जाहीर केले. यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत.

कंपनीच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. फुकट वापरणारे अगणित आणि पैसे देणारे थोडे, ही मुक्तस्रोत व्यवसायाची जुनी व्यथा आहे. अभियंत्यांचे पगार सदिच्छांवर होत नाहीत. प्रताधिकार कंपनीचा असल्याने पुढील आवृत्ती बंदिस्त ठेवणे कायद्याने तिच्या अखत्यारीत होते.

(२२)
परंतु परवान्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. एकदा खुल्या परवान्याने दिलेली संहिता परत घेता येत नाही. सहावी आवृत्ती ज्याच्या हाती होती, त्याला ती वाढवण्याचा हक्क होता. रॉदर ओएसएसने 'ओटोबो' ही शाखा आधीच काढली होती. २०२१ च्या आरंभी झ्नुनी या कंपनीने सहाव्या आवृत्तीवरून आपली शाखा चालू केली आणि दुरुस्त्यांचा ओघ पुढे चालवला. झ्नुनीच्या जुन्या फाइलींच्या माथ्यावर आज दोन ओळी एकाखाली एक दिसतात: आधी २००१ पासूनची ओटीआरएस कंपनीची, मग २०२१ पासूनची झ्नुनीची. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीसारख्या.

(२३)
विकिमीडियाचे काय झाले? त्यांचा कारभार झ्नुनीवर आला आणि २०२१ मध्ये स्वयंसेवकांच्या गटाने नावही बदलले. 'ओटीआरएस'ऐवजी 'व्हॉलंटिअर रिस्पॉन्स टीम'. एका कंपनीचे व्यापारी नाव आपल्या कामाला चिकटवून घेतले की तिच्या निर्णयांची सावली आपल्यावर पडते. नव्या नावात प्रणालीचा उल्लेखच नाही. उद्या प्रणाली पुन्हा बदलली तरी गट तोच राहील. जुने तिकीट क्रमांक मात्र कॉमन्सवरील चित्रांखाली आजही आपले काम बजावत आहेत.

(२४)
आणि झामाड? नव्याचेही जुने होते. त्याचा दर्शनी भाग 'कॉफीस्क्रिप्ट'मध्ये लिहिला होता. २०१२ च्या सुमारास ती भाषा आधुनिक मानली जाई; पुढे मूळ जावास्क्रिप्टच सुधारली आणि कॉफीस्क्रिप्ट मागे पडली. तेव्हा झामाडचा दर्शनी भाग 'व्ह्यू' आणि 'टाइपस्क्रिप्ट' वापरून पुन्हा लिहायला घेतला गेला. या वेळी रीत निराळी होती. २०२३ मधील सहाव्या आवृत्तीत प्रथम केवळ मोबाइलसाठीचे दालन नव्या पद्धतीने आले, आणि जुने डेस्कटॉप दालन शेजारी चालूच राहिले. घर पाडून बांधण्याऐवजी राहत्या घराची एकेक खोली बदलणे, हा स्पोल्स्की यांच्या इशाऱ्याचा मान राखणारा मार्ग.

(२५)
या इतिहासातून काय घ्यावे? हिंजवडीत, ऐरोलीत मदतकक्षाच्या पाळ्या करणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी तरुणांचा दिवस तिकिटांतच उगवतो आणि मावळतो. एखाद्या संस्थेने, ग्रंथालयाने वा नगरपालिकेने उद्या अशी प्रणाली निवडायची ठरवली, तर वैशिष्ट्यांची यादी वाचण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. परवाना कोणता? प्रताधिकार एका हाती की प्रतिष्ठानाकडे? आणि सगळे बिनसले, तर आमची जुनी तिकिटे बाहेर काढता येतील काय?

(२६)
मुक्तस्रोताचे वचन 'कोणी कधी सोडून जाणार नाही' असे नाही. माणसे जातात, कंपन्या दिशा बदलतात. वचन इतकेच की, ते गेल्यावर दार बाहेरून बंद होणार नाही. ज्याला काम पुढे न्यायचे आहे त्याला आत येता येईल. ओटीआरएसच्या बाबतीत ते वचन पाळले गेले ते कोणाच्या सौजन्याने नव्हे. एका परवान्यामुळे, आणि ती कंटाळवाणी जुनी संहिता वाचून दुरुस्त करत राहायला तयार असलेल्या थोड्या लोकांमुळे ते पाळले गेले.

धागा येथे संपतो. आरटी, ओटीआरएस वा झामाडवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आपले अनुभव खाली अवश्य जोडावेत.